मुंगी मारायची, की तिची वाट अडवायची?

उन्हाळा लागला की कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर एक वाक्य हमखास कानावर पडतं: "मिरचीला मुंग्या लागल्यात, कायतर पावडर द्या." मिरचीच्या जागी कधी वांगं असतं, कधी चवळी, कधी परसातली जास्वंद नाहीतर पेरू. दुकानदार पुडी देतो, शेतकरी बुडात पावडर टाकतो, दोन दिवस मुंग्या दिसत नाहीत. आठवडाभरात पुन्हा रांग सुरू. मधल्या काळात शेंडे आणखी आकसलेले असतात, पानं आणखी चिकट झालेली असतात, आणि शेतकऱ्याची खात्री पटते की मुंग्यांनीच झाड खाल्लं.

या खात्रीतच गडबड आहे. मुंगी मिरची खायला आलेलीच नसते. ती दुसऱ्याच कुणाच्या तरी मागं आलेली असते, आणि तो दुसरा कोण हे न बघता टाकलेली पावडर बऱ्याचदा त्याच्याच पथ्यावर पडते.

## खात नाही, मग चढते कशाला?

पेरलेलं बारीक बी ओढून नेणाऱ्या मुंग्या आहेत, भुईमुगाच्या शेंगेला जमिनीत भोक पाडणाऱ्याही आहेत. पण खोडावरून शिस्तीत वरखाली करणारी रांग दिसली तर ती बहुतेक वेळा गोडाची रांग असते. खात्री करायची तर रांगेच्या टोकापर्यंत नजर न्या आणि ती जिथं संपते ते पान उलटं करा. मिरची, वांगी, भेंडीत पानाखाली हिरवट-पिवळा मावा सापडेल. चवळी, वाल, भुईमुगाच्या कोवळ्या शेंड्यावर काळा चकचकीत मावा. पेरू, सीताफळ, जास्वंदीच्या बेचक्यात कापसाचे बोळे चिकटल्यागत पिठ्या ढेकूण. आंब्या-लिंबाच्या डहाळीवर खवले कीड. तुरीच्या खोडावर तर काट्यासारखे दिसणारे तपकिरी, शिंगं असलेले तुडतुडे ओळीनं बसलेले असतात आणि त्यांच्याभोवती मुंग्यांचा राबता असतो. या सगळ्यांचं काम एकच: सोंड खुपसून झाडाचा रस ओढणं.

जरा बारकाईनं बघायची सवय असेल तर आणखी एक गंमत दिसते. वर चढणाऱ्या मुंगीचं पोट बारीक असतं आणि खाली उतरणारीचं फुगलेलं. कलत्या उन्हात उतरणारी मुंगी पाहिली तर पोटाच्या पट्ट्या ताणून मधली कातडी पारदर्शक झालेली दिसते, आतलं पाणी चमकतं. पान कुरतडून खाणाऱ्याचं पोट असं दिसत नाही.

## हे गोड पाणी येतं कुठनं?

पानात तयार झालेली साखर मुळाकडं, फळाकडं नेणाऱ्या बारीक नळ्या झाडात असतात. मावा आणि पिठ्या ढेकूण नेमक्या या नळीत सोंड घालतात. त्या रसात साखर रग्गड असते, पण अंगाची वाढ व्हायला लागणारा नत्र अगदी थोडा. तेवढा थोडा नत्र मिळवायचा तर किडीला भरमसाट रस प्यावा लागतो आणि नको असलेली साखर पाण्यासकट मागून सोडून द्यावी लागते. काही जातींचा लहान मावा दिवसभरात स्वतःच्या वजनाहून जास्त असं पाणी सोडतो. या पाण्याला मधुरस म्हणतात.

पानं चिकट होतात ती या मधुरसानं. त्यावर काळी बुरशी वाढते, जिला आपण काजळी म्हणतो. ही बुरशी पानात शिरत नाही, वरच्या साखरेवरच जगते, पण पानावरचं ऊन अडवते आणि फळाचा भाव पाडते. काजळी दिसली म्हणून बुरशीनाशक मारणारे बरेच भेटतात. वरून ठिबकणारी साखर चालू असेल तोवर तो खर्च वाया.

युरियाचा संबंधही इथंच येतो. नत्र जास्त दिलं की रसातही ते वाढतं, किडीला कमी रसात जास्त पोषण मिळतं आणि पिल्लावळ झपाट्यानं वाढते. माव्याच्या मादीला वीण घालायला नराची गरज पडत नाही. ती अंडी न घालता थेट पिल्लंच घालते आणि उबदार हवेत ते पिल्लू आठ-दहा दिवसांत स्वतः आई होतं. हिरवागार, लुसलुशीत प्लॉट माव्याला आधी सापडतो तो यामुळं.

## राखण म्हणजे नेमकं काय?

कोल्हापुरात दूध कट्ट्यावर म्हैस आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देण्याची रीत आहे. मुंगी आणि मावा यांचं नातं जवळपास तसंच आहे. मुंगी आपल्या मिशांनी माव्याच्या पाठीवर हलकेच थोपटते आणि मावा मागून एक थेंब सोडतो. मुंगी तो तिथंच पिऊन घेते. मुंगी नसेल तर तोच मावा थेंब लांब उडवून देतो, आपलं अंग खराब होऊ नये म्हणून. आणि गवळी जसा म्हशीला जपतो, तशी मुंगी माव्याला जपते. या जपण्यातच शेतकऱ्याचं नुकसान आहे.

माव्याला खाणारे शेतात कमी नसतात. लाल-काळ्या ठिपक्यांचा ढालकिडा आणि त्याची मगरीसारखी दिसणारी अळी, क्रायसोपाची अळी, फुलांवर घिरट्या घालणाऱ्या सिरफिड माशीची अळी. शिवाय माव्याच्या अंगात अंडं घालणारी, डोळ्याला जेमतेम दिसेल एवढी परोपजीवी माशी. तिनं अंडं घातलेला मावा फुगतो, तांबूस-सोनेरी कागदासारखा कडक होतो आणि काही दिवसांनी त्याच्या पाठीला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. मिरचीच्या पानाखाली असे कडक मावे दिसले तर फवारणीचा हात आवरावा, एवढी ती चांगली खूण आहे.

मुंगी या सगळ्यांना हुसकावते. ढालकिड्याच्या अळीला चावून खाली पाडते, अंडी उचलून नेते, परोपजीवी माशीला माव्यावर टेकूच देत नाही. काही जातीच्या मुंग्या पोटातून आम्ल फवारतात. काही मुंग्या पिठ्या ढेकणांवर मातीचं छप्पर बांधतात. खोडाच्या बुंध्याशी, पानाच्या देठाखाली ओलसर मातीचा लेप दिसतो तो हाच. काही जाती पिठ्याची पिल्लं तोंडात धरून नव्या फांदीवर नेऊन सोडतात. अमेरिकेतल्या मक्यात तर मुंग्या माव्याची अंडी हिवाळाभर आपल्या वारुळात सांभाळतात आणि वसंतात पिल्लांना मुळांवर नेऊन बसवतात.

मधुरस साचू न देणं हीसुद्धा मोठी सेवा आहे. दाट वस्तीत पिठ्या ढेकूण आपल्याच चिकट पाण्यात बुडून, बुरशी लागून मरतात. मुंगी ते पाणी उचलत राहिली की वस्ती दाट होऊनही टिकते.

## हे खरंच एवढं महत्त्वाचं आहे, की पुस्तकी गोष्ट?

हवाई बेटांवरच्या अननसाच्या मळ्यांनी याची पुरेपूर किंमत मोजली आहे. तिथं गेल्या शतकाच्या पूर्वार्धात अननसाची झाडं वाळून जाऊ लागली. कारण निघालं पिठ्या ढेकूण, आणि ढेकणांच्या पाठीशी निघाली मोठ्या डोक्याची एक मुंगी, बाहेरून आलेली. ढेकणावर औषध मारून भागेना. मुंगी आटोक्यात आणली तेव्हा कुठं मित्रकीटकांना ढेकणांपर्यंत पोचता आलं आणि मळे सावरले. तेव्हापासून तिथं ढेकणाचा बंदोबस्त म्हणजे आधी मुंगीचा बंदोबस्त.

मित्रकीटकांची ताकद आपल्याकडच्या ऊस शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रातल्या उसावर लोकरी मावा आला तेव्हा पानं पांढरी आणि खालची काळी पडली होती. सुरुवातीला फवारण्यांचा धडाका झाला. उंच वाढलेल्या उसात फवारा पोचणार तरी कुठं? शेवटी तो मावा आटोक्यात आणण्यात मोठा वाटा डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांचा होता. त्या गोष्टीत मुंगी मुख्य पात्र नव्हती. पण खाणारा कीटक मोकळा सुटला तर काय करू शकतो, हे तिथं सगळ्यांनी बघितलं. पपईवरचा पिठ्या ढेकूणही तसाच: २००८ मध्ये कोइमतूरकडं सापडला, देशभर पसरला आणि २०१० मध्ये पोर्टो रिकोहून आणलेल्या एका बारीक परोपजीवी माशीनं त्याला बऱ्यापैकी वेसण घातली.

अशा माशीला काम करू द्यायचं तर झाडावर तिला हुसकावणारा पहारा नको.

## मग सगळ्या मुंग्या मारून टाकू या की!

इथं थांबा. अमेरिकेत लुइझियाना नावाचं राज्य आहे, तिथं आपल्यासारखाच ऊस. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सरकारनं बाहेरून आलेल्या आगमुंगीचा नायनाट करायला हेप्टाक्लोर नावाचं जहाल औषध मोठ्या क्षेत्रावर टाकलं. मुंग्या मेल्या आणि उसातली खोड पोखरणारी अळी वाढली. ज्या मुंगीला संपवलं तीच त्या अळीची अंडी आणि लहान अळ्या फस्त करत होती.

आपल्या उसातही मुंग्या खोडकिडीची अंडी, अळ्या उचलतात. जमिनीत भोकं पाडून हवा-पाणी खेळवतात, मेलेले किडे साफ करतात. म्हणून शेतातली मुंगी आणि झाडावरची मुंगी हे दोन वेगळे प्रश्न मानावेत असं मी म्हणतो. जमिनीवर तिला खुशाल राहू द्या. फक्त झाडावर चढून तिनं मावा-ढेकणाची राखण करू नये, एवढ्यापुरतं बघायचं.

पावडर नेमकी हेच साधत नाही. बाहेर दिसणाऱ्या मुंग्या या वारुळातल्या थोड्याच असतात. अंडी घालणारी राणी खोल आत असते. बुडात टाकलेली पावडर येणाऱ्या-जाणाऱ्या कामकरी मुंग्या मारते, राणी नव्या पाठवते. वर फवारलेलं कडक औषध पिठ्याच्या मेणकट अंगावरून घसरतं, पण ढालकिडा आणि परोपजीवी माशी लगेच मरतात. म्हणजे राखणदार आठवड्यात परत हजर, कीड जागेवर, आणि किडीला खाणारे तेवढे गेले. वर्षानुवर्षं बुडात टाकली जाणारी मिथिल पॅराथिऑनची भुकटी तर २०१८ पासून देशात बंद आहे. कुणी जुना साठा काढून देत असेल तर घेऊ नका.

## वाट अडवायची कशी?

फळझाडांत हे सगळ्यात सोपं. पेरू, आंबा, लिंबू, सीताफळ यांचं खोड हाच मुंगीचा एकमेव रस्ता असतो, किंवा असायला हवा. तो एकमेव आहे का, हे आधी बघायचं. जमिनीला टेकलेल्या फांद्या, खोडाला लागून वाढलेलं तण, आधाराची काठी, ठिबकची नळी, शेजारच्या झाडाला भिडलेली डहाळी, सुकायला कपडे घालायची तार, या सगळ्यांवरून मुंगी चढते. खोडावर उत्तम पट्टी लावून एक फांदी गवतात टेकलेली सोडली तर पट्टीचा काही उपयोग नाही.

जमिनीपासून गुडघाभर उंचीच्या आत लोंबणाऱ्या फांद्या छाटल्या, तण काढलं, की मग पट्टी. ग्रीस थेट सालीवर चोपडू नका, साल भाजते. आधी जुन्या कापडाची किंवा जाड कागदाची पट्टी खोडाभोवती घट्ट गुंडाळा, म्हणजे सालीच्या खाचा बुजतात. नाहीतर मुंगी पट्टीच्या खालून निघते. त्यावर पॅकिंगची टेप किंवा वीतभर रुंद प्लास्टिक, आणि त्या प्लास्टिकवर ग्रीसचा किंवा चिकट गोंदाचा थर. आंब्यावरच्या पिठ्याच्या पिल्लांना वर चढू न देण्यासाठी प्लास्टिकची पट्टी बांधतात, ती हीच युक्ती. धूळ बसली, मेलेल्या मुंग्यांचा पूल झाला, की थर पुसून नवा लावायचा. खोड जाड होतं तशी पट्टी सैल करायची, नाहीतर गळफास बसतो.

हळद, चुना, राख यांबद्दल नेहमी विचारतात. राख कोरडी असेतो मुंगी थबकते. दव पडलं की संपलं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर पाऊस कसा पडतो ते सांगायला नको.

भाजीपाल्यात प्रत्येक रोपाला पट्टी बांधणं शक्य नाही, हे मान्य. तिथं उलट्या बाजूनं जावं लागतं. मधुरसच संपवा, मुंगी आपोआप खाली उतरते. सुरुवातीची वस्ती दिसताच ते शेंडे खुडून पिशवीत घालून नष्ट करणं, जास्त दाबाच्या एचटीपी पंपानं निव्वळ पाण्याचा मारा पानाच्या खालच्या बाजूला करणं, पाच टक्के निंबोळी अर्क, दमट हवेत किडीला मारणाऱ्या लेकॅनीसिलियम बुरशीची फवारणी, हे त्या क्रमानं. पाण्याच्या माऱ्यानं खाली पडलेला मावा फारसा परत चढत नाही. रस ओढताना त्याची सोंड अडकलेली असते, मारा बसला की ती मोडते.

## गोड आमिष: हळू विष का चांगलं?

जिथं मुंगीचा उपद्रव फारच आहे, उदाहरणार्थ घराजवळची फळबाग, रोपवाटिका, शेडनेट, तिथं आमिष वापरता येतं. तत्त्व साधं आहे. मुंगी गोड पाणी एकटी पीत नाही. वारुळात जाऊन तोंडातून तोंडात वाटते आणि ते राणीपर्यंत पोचतं. पिणारी मुंगी लगेच मेली तर वाटप होतच नाही. म्हणून विष इतकं सौम्य हवं की तिला दोन-तीन दिवस काही कळू नये.

यासाठी बोरिक ॲसिड वापरतात, तेच जे सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून कृषी सेवा केंद्रात मिळतं. एक लिटर कोमट पाण्यात पाव किलो साखर आणि पाच ते दहा ग्रॅम बोरिक ॲसिड. दहाच्या वर जाऊ नका. जास्त घातलं की मुंगी तोंड लावत नाही, किंवा वाटेतच मरते. "थोडं जास्त घातलं तर लवकर काम होईल" हा हिशेब इथं साफ उलटा पडतो.

मिश्रणात कापसाचा बोळा भिजवून झाकणाच्या डबीत ठेवा. डबीला मुंगी शिरेल पण मधमाशी शिरणार नाही एवढीच बारीक भोकं. डबी रांगेच्या वाटेवर, सावलीत. आठवड्यानं मिश्रण बदला, कारण ते आंबतं. जवळपास कुठलीही पावडर टाकू नका, मुंगी ती वाटच सोडते. उरलेलं पाणी झाडाच्या बुडात ओतू नका. बोरॉन थोडं लागतं, जास्त झालं की पानाच्या कडा जळतात. लेबल लावून लहान मुलं, कुत्री-मांजरं पोचणार नाहीत असं ठेवा. निर्यातीचा माल असेल तर आधी कृषी अधिकाऱ्यांशी बोलून घ्या.

सगळ्याच मुंग्या गोडावर येत नाहीत. एका पानावर गुळाचं पाणी आणि दुसऱ्यावर शेंगदाण्याचा कूट ठेवून तासाभरानं बघा. कुटावर गर्दी झाली तर त्या मुंग्यांना सध्या तेल-प्रथिनं हवी आहेत आणि साखरेची डबी तशीच पडून राहील.

वेळ मात्र पाळावी लागते. झाडावर मावा भरभरून मधुरस देत असताना मुंगी तुमच्या डबीकडं कशाला येईल? आमिष कीड वाढायच्या आधी लावायचं, म्हणजे आपल्याकडं पावसाळा सरल्यावर आणि पुन्हा थंडी ओसरताना. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पावडरीची सवय झालेल्याला एवढा धीर निघत नाही, हे खरं.

## पांढरं दिसलं म्हणून फवारू नका

पिठ्या ढेकणाच्या घोळक्यात कधी कधी पांढऱ्या झुपक्यांची, पिठ्यापेक्षा मोठी, चपळ अळी दिसते. "ढेकूण किती मोठा झालाय बघा" म्हणून शेतकरी तिच्यावरच औषध मारतो. ती क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी असते, पिठ्याचा सगळ्यात मोठा भक्षक. १८९८ साली हा ढालकिडा भारतात मुद्दाम आणला गेला आणि आज द्राक्ष बागायतदार तो विकत घेऊन सोडतात. तिच्या अंगावरचं पांढरं मेण हाच तिचा बचाव. मुंगी तिला सहसा फार त्रास देत नाही. तरी पहारा दाट असेल तर विकत आणून सोडलेल्या ढालकिड्यांचे पैसे निम्मे पाण्यात जातात. आधी रांग तोडा, मग ढालकिडा सोडा.

ओळखायचं कसं? काडीनं हळूच डिवचा. अळी तुरुतुरु पळते, पिठ्या जागचा जेमतेम हलतो. मोठ्या पिठ्याची लांबी तीन-चार मिलिमीटर, पूर्ण वाढलेली अळी त्याच्या तिप्पट भरते.

## उसात आणि काजूत

उसाच्या कांडीवर, पानाच्या देठाच्या आवरणाखाली गुलाबी पिठ्या ढेकूण बसतो आणि तिथं मुंग्याही असतात. इथं मुंगीवर औषधाचा विचारसुद्धा नको. वाळलेलं पाचट वेळेवर काढलं की ढेकूण उघडा पडतो. ऊन, पाऊस आणि भक्षक मिळून त्याचं बघून घेतात. काढलेलं पाचट सरीत अंथरा, पेटवू नका. बेणं निवडताना कांडीवर ढेकूण असलेला ऊस बाजूला काढणं, ही मुंगीमागं धावण्यापेक्षा फायद्याची गोष्ट.

आजरा, चंदगडच्या काजूत चित्र बरोबर उलटं आहे. तिथल्या झाडांवर पानं एकमेकांना शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या असतात, कोकणात त्यांना हुमले म्हणतात. काजू काढणाऱ्याला चावून त्या रडकुंडीला आणतात. पण मोहोर जाळणाऱ्या ढेकण्याला (हा डासासारखा दिसणारा, रस ओढणारा कीटक, पिठ्या ढेकूण नव्हे) त्या झाडावर टिकू देत नाहीत. ऑस्ट्रेलियात काजूच्या बागांत हुमले मुद्दाम सांभाळून ढेकण्याचा बंदोबस्त केला गेलाय. चीनमध्ये तर इसवी सन ३०४ च्या सुमारास संत्र्याच्या बागांसाठी या मुंग्यांची घरटी बाजारात विकत असल्याची नोंद आहे. अर्थात हुमलेही पिठ्या-खवल्यांची राखण करतात. ढेकण्याचा त्रास मोठा असेल तर घरटी ठेवावीत, आणि काढणीआधी ज्या झाडावर चढायचं तेवढ्याच झाडावरची हलवावीत.

## "एवढं करत बसायला वेळ कुणाला?"

रास्त प्रश्न आहे. सगळ्या बागेला एकदम करू नका. दहा सारखी पेरूची झाडं धरा. पाचांना पट्टी बांधा, पाच तशीच ठेवा, दोन्हीकडं फवारणी सारखी. तीन आठवड्यांनी प्रत्येक झाडाच्या चार ठरावीक फांद्यांवर पिठ्या, मुंग्या आणि कडक झालेले, भोक पडलेले ढेकूण मोजून वहीत लिहा. फरक दिसला तर पुढं जा. नाही दिसला तर खर्च पाच पट्ट्यांचा.

फरक दिसणारच नाही अशीही ठिकाणं आहेत. फुलकिडे आणि कोळी मुंगीला काही देत नाहीत. त्यामुळं त्यांच्यामुळं होणाऱ्या मिरचीच्या चुरडामुरड्यात, म्हणजे पानं आकसण्यात, मुंगीमागं लागण्यात अर्थ नाही. पपईचा रिंगस्पॉट विषाणू पसरवणारा मावा पपईवर वस्ती करतच नाही, येता-जाता सोंड टोचून विषाणू देऊन जातो. तिथं ना मधुरस असतो ना राखण, आणि रोगट झाड दिसता क्षणी उपटून टाकणं एवढंच हातात राहतं. शेजाऱ्याच्या रानातून मुंग्या येतात ही तक्रार मात्र खोडाच्या पट्टीला लागू होत नाही. मुंगी कुणाच्याही बांधावरची असो, तुमच्या झाडावर चढायला तिला खोडावरूनच यावं लागतं. आमिषाचं तसं नाही. तिथं बांधाच्या दोन्ही बाजूंनी एकाच आठवड्यात डब्या लागल्या तरच पुढचे दोन-तीन महिने जरा निवांत जातात.